कु. वनमाला, बी.एस्सी.

"काकू, ही वनमाला कोण?" गरिमाने विचारलं, आणि सीमंतिनीच्या हातातला चहा बशीत सांडला. फार नाही, घोटभर. पण पंचवीसेक वर्षांत या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, आणि आज घेतलं ते बँकेच्या पोरीने, चक्कीवर वाकून, एका हातात मोबाइल धरून, विजेच्या बिलावरचं नाव वाचावं इतक्या सहज. गरिमा बँकेत नव्याने लागलेली. ग्वाल्हेरच्या लश्करमधल्याच एका मराठा घरातली, सीमंतिनीचं लग्न झालं त्या सुमाराला जन्मलेली, गळ्यात ओळखपत्र, पायात आवाज न करणारे बूट. महिला उद्योजकांच्या सरकारी योजनेतलं कर्ज मंजूर करण्याआधी अर्जदार बाई खरोखर काही करते की नुसतीच कागदावर आहे, हे पाहायला ती दाना ओलीतल्या या तळमजल्याच्या खोलीत आली होती. खोली पाहून झाली, भरलेले डबे पाहून झाले, भाजणीचा वास छान येतो म्हणून झालं. आता चक्कीचा एक फोटो काढला की संपलं. चक्कीच्या वरच्या नरसाळ्यावर, जिथून धने-मिरच्या आत सोडतात तिथे, झाकण म्हणून एक पितळी ताटली होती. चार वर्षांपूर्वी चक्की घेतली तेव्हाचं पत्र्याचं झाकण पहिल्याच वर्षी चिरलं, आणि ही ताटली तिथे मापाने करून आणल्यासारखी बसली. तिच्यावर भांडेवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: कु. वनमाला हीस, बी.एस्सी. प्रथम श्रेणी, १९९५. बाबा. गरिमा ते बोट फिरवत वाचत होती.

गंमत अशी, की तेच नाव सीमंतिनी आज स्वतःहून तिला सांगणार होती. चार दिवस ती मनात वाक्य घोळवत होती, पोळ्या लाटताना, आंघोळीच्या वेळी, गिऱ्हाइकाला मेतकूट म्हणजे काय हे शंभराव्यांदा हिंदीत समजावताना. अर्जात युनिटचं नाव असा एक रकाना होता आणि तिथे तिच्या दिराने, अभिरामने, "श्री गृह उद्योग" असं भरून टाकलं होतं. श्री लिहिलं की सगळं चालतं, वहिनी, तो म्हणाला होता. पण पाटणकर बाजारात एक दुकान रिकामं होत होतं, बांगडीवाला आणि वह्या-पुस्तकांचं दुकान यांच्या मधलं, दोन माणसं शेजारी उभी राहिली तर भरेल एवढंसं. कर्ज मिळालं तर ते घ्यायचं, मोठी चक्की घ्यायची, पिशव्या बंद करायचं यंत्र घ्यायचं, आणि वर पाटी लावायची. पिवळी पाटी, तांबडी अक्षरं. "वनमाला मसाले". कुणाला आधी सांगायचं नाही. रमाकांतला सुद्धा नाही. एका सकाळी त्याला भाजीच्या निमित्ताने बाजारात न्यायचं आणि पाटीखाली उभं करायचं, आणि तो मान वर करून वाचेल तेव्हा त्याचा चेहरा बघायचा. या वयात माणसाने असलं काही मनात बाळगू नये हे तिला कळत होतं. पण बाळगलं होतं खरं. आणि आता कप सावरून ती म्हणणार, अगं, तेच सांगायचं होतं तुला, एवढ्यात गरिमाने मोबाइलवर काहीतरी मागे-मागे सरकवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, ये ढक्कन मैंने पहले देखा है," ती म्हणाली. "थाटीपुरला. शामला मॅडमच्या युनिटमध्ये." आणि तिने मोबाइल पुढे धरला. फोटोत शामला होती, सीमंतिनीची धाकटी जाऊ, अभिरामची बायको. अंगावर हिरवा एप्रन, हातात तिखटाची मूठ, चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोसारखं हसू. तिच्या शेजारी चक्की. फोटोच्या तळाशी तारीख, वेळ आणि जागा, मोबाइलने आपण होऊन छापलेली. गरिमाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. ताटली मोठी झाली, ठिपके मोठे झाले, आणि वनमाला हे नाव पडदाभर पसरलं. कडेला एक कोपर दिसत होतं, आणि त्याच्या पुढे मनगटात दोन हिरव्या बांगड्या आणि एक तांब्याचं कडं. ते कोपर सीमंतिनीचं होतं. एप्रनही तिचाच होता. तिने नकळत हात पदराखाली घेतला आणि त्या क्षणी तिला स्वतःचाच राग आला, कारण चोरी तिने केली नव्हती आणि हात मात्र तिचा लपत होता.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. अभिराम आला होता, एरवी नेहमी घाईत असणारा अभिराम त्या दिवशी तासभर बसला होता. तो सरकारी खात्यात वरचा बाबू, थाटीपुरला क्वार्टर. शामलाच्या नावाने या योजनेत अर्ज केलाय म्हणाला. बायकांना व्याजात सूट आहे, वर सरकारी अनुदान आहे, सोडायचं कशाला? फक्त बँकवाले युनिट पाहायला येणार. "एक दिवसाचा प्रश्न आहे, वहिनी. सकाळी चक्की न्यायची, संध्याकाळी परत. सगळेच करतात. आमच्या कॉलनीत एकच शिलाई मशीन पाच घरांत फिरलीय." शामलाला मसाल्यातलं काय कळत होतं? तिला दगडफूल आणि जायपत्री वेगळी ओळखता आली नसती. पण अभिराम पुढे म्हणाला, आमचं झालं की लगेच तुमची फाइल लावतो, तिथे आता माझी ओळख झालीय. हे वाक्य सीमंतिनीने घट्ट धरून ठेवलं. चक्की लोडिंग रिक्षात चढवताना तीच पुढे होती, दोर आवळायला, खाली पोती घालायला. तिकडे क्वार्टरजवळच्या भाड्याच्या खोलीत तिनेच ती मांडली, तिनेच चालू करून दाखवली, जाळी कशी बदलायची ते शामलाला तीन वेळा सांगितलं. शामला म्हणाली होती, ताई, माझ्याकडे स्टीलचं झाकण आहे, ते ठेवू का? आणि सीमंतिनी म्हणाली होती, नको गं, ही ताटलीच नीट बसते, नाहीतर तिखट उडतं, साहेबांच्या डोळ्यात जाईल. चूक झाली ती ही. दुसऱ्याच्या लबाडीतसुद्धा काम व्यवस्थित व्हावं असं तिला वाटलं, ही तिची चूक. कर्ज मिळालं, त्यातून अभिरामच्या दारात गाडी आली, आणि महिला दिनाला शामलाच्या हातात बँकेने शाल-श्रीफळ ठेवलं. त्या समारंभाला सीमंतिनी गेली होती. तिने टाळ्याही वाजवल्या होत्या.

ताटली मात्र तिची होती. घरात जी भांडीकुंडी होती त्यांच्यावर सासऱ्यांचं नाव, सासूबाईंचं नाव, कुठे रमाकांतच्या मुंजीची तारीख. माहेरून आलेल्या पिंप-कळशीवर सुद्धा "रमाकांत यांस" असंच घालून आलं होतं, कारण लग्नातली भांडी ती. ही ताटली लग्नाच्या तीन वर्षं आधीची. उज्जैनला निकाल लागला त्या दिवशी बाबा सायकलवरून पटणी बाजारात गेले आणि येताना ही घेऊन आले. मुलगी रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आली म्हणजे काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या घरात असं काही आधी झालंच नव्हतं, म्हणून त्यांना सुचलं ते त्यांनी केलं, भांड्यावर नाव घातलं. भांडेवाला म्हणाला म्हणे, कुमारीच्या नावाने कशाला, लग्नात घाला की जावयाच्या नावाने. बाबा म्हणाले, परीक्षा जावयाने दिली नाही. ही हकिगत ते पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आई, विमलबाई, आतून ओरडायच्या, पुरे झालं आता, मुलीची दृष्ट काढायला लावाल. मग अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात लग्न झालं, आणि इकडे ग्वाल्हेरला आल्यावर लक्ष्मीपूजनाच्या वेळी समोर तांदळाचं ताट आलं. रमाकांतने अंगठीने त्यात लिहिलं, सीमंतिनी. तिला आधी कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. कारण अगदी साधं होतं. घरात एक वनमाला आधीपासून होती, रमाकांतची आत्या. सुनेला त्या नावाने हाक मारून भांडी घासायला बसवायचं म्हणजे आत्याबाईंचा अपमान. सगळ्यांना हे पटलं, तिलाही त्या वेळी पटलं. पेढे वाटले. आत्याबाई पुढच्याच वर्षी गेल्या. त्यानंतर नाव मोकळं झालं होतं खरं तर, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

रमाकांतने तिला त्या नावाने दोनदा हाक मारली होती. पहिल्या वर्षी, गच्चीवर, गाद्या उन्हात घालताना. वनू, म्हणाला होता, तिकडचं टोक धर. आणि दुसऱ्यांदा काहीच कारण नसताना, नुसतंच. तेव्हा जिन्यात सासूबाईंच्या पायांचा आवाज झाला आणि तो गप्प बसला, आणि जो बसला तो बसलाच. वाईट माणूस नव्हता. शाळेच्या कार्यालयात नोकरी, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. हेच त्याच्याबद्दल सगळे कौतुकाने सांगत. तिने कितीदा मनात म्हटलं होतं की मध्यात आला असता तर बरं झालं असतं, एकदा तरी.

"कोणी शिकलेली बाई दिसते, बी.एस्सी. वगैरे," गरिमा म्हणत होती. "तुमच्या ओळखीतली आहे का? मशीन तिची आहे?" तिचा आवाज साहेबिणीचा नव्हता, घाबरलेल्या मुलीचा होता. सीमंतिनीने ओठ उघडले. मीच, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण अर्जात शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिलंय हे तिला आठवलं. तिथे लिहिलं होतं, साक्षर. पदवीचा कागद वनमालाच्या नावाचा आणि आधार कार्ड सीमंतिनीचं, मग नाव बदलल्याचं शपथपत्र लागेल, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागेल, महिना-दोन महिने जातील, असं अभिरामने सांगितलं होतं. छोट्या कर्जाला शिक्षण लागत नाही, वहिनी, साक्षर लिहून टाकू, उलट सरकारला असंच आवडतं. तेव्हा ती हसली होती. आता समोरची मुलगी त्या साक्षर बाईकडे बघून विचारत होती की ही शिकलेली बाई कोण, आणि तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. तिच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. तिखटाने बोटं लाल झालेली, पदर खोचलेला, जमिनीवर उकिडवी बसून जाळी पुसणारी ही काकू आणि ती बी.एस्सी. प्रथम श्रेणी यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं असतं? ते बघून सीमंतिनीचे उघडलेले ओठ मिटले. "विचारून सांगते," ती म्हणाली. स्वतःचं नाव, आणि ती विचारून सांगणार होती.

मग गरिमा खुर्चीवर बसली, गार झालेला चहा एका दमात प्यायली आणि मराठीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत करत बोलली. "काकू, थाटीपुरच्या फाइलवर मीच सही केली होती. नई-नई थी, मला काही समजलंच नाही. आता दोन्ही फायलींत त्याच मशीनचा फोटो लागला तर वर ऑडिटमध्ये पकडलं जाईल. शामला मॅडमचं अनुदान परत मागतील, सरांची सरकारी नोकरी आहे, त्यांच्यावर केस होईल. आणि मेरी तो अभी नोकरी पक्की पण झाली नाही." तिने रिकामा कप खाली ठेवला. "मी तुमच्यावर शक नाही करून राहिले. पण मला काहीतरी लिहून द्या. मशीन कुणाची, ही वनमाला कोण. सोमवारपर्यंत. नाहीतर मला तुमची फाइल परत पाठवावी लागेल." दारात बूट नीट करताना ती वळून म्हणाली, "तुमचा मसाला आई नेहमी नेते हो काकू. खरंच छान असतो." ती गेल्यावर सीमंतिनीने चक्की सुरू केली. गिऱ्हाइकाचं तीन किलो तिखट दळायचं राहिलं होतं.

सीमंतिनीने फोनवर सगळं कळवलं आणि रविवारी दुपारी अभिराम आणि शामला आले. गजकचा, तिळाच्या वड्यांचा, डबा घेऊन आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. शामला दारातूनच रडवेली झालेली. ती मुळात वाईट नव्हती, तिला जिथे उभं केलं तिथे ती उभी राहिली होती, एप्रन दिला तो घातला होता. अभिराम मात्र येताना सगळं ठरवूनच आला होता. पंख्याखाली बसला, गजकचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "वहिनी, टेन्शन घेऊ नका, हो जाएगा. चक्की शामलाची असं लिहायचं. तिने ती जुनी विकत घेतली, कोणा वनमाला नावाच्या बाईकडून. म्हणून झाकणावर तिचं नाव. आणि तुम्ही शामलाच्या चक्कीवर मजुरीने मसाला कुटून देता. झालं. दोन्ही फायली साफ."

"आणि माझी चार वर्षं?" सीमंतिनीने विचारलं.

"ती कुठे जाऊन राहिलीत? उलट बरंच आहे. योजना नव्या धंद्यासाठी आहे. तुमचा आधीपासून धंदा आहे म्हटलं तर अडचणच. आता तुम्ही एकदम नव्या. ते दहा दिवसांचं ट्रेनिंग देतील, मसाला कसा करायचा त्याचं. चहा-नाश्ता असतो."

शामला खाली मान घालून म्हणाली, "ताई, मी चक्की काही घेणार नाही हो. फक्त कागदावर."

कागदावर. सीमंतिनीला हसू आलं, आणि ते हसू कडू होतं हे तिचं तिलाच जाणवलं. आपल्याकडे कागदावर नसलेल्या गोष्टी किती आहेत याचा तिने कधी हिशेब केला नव्हता. पाटल्या मोडून घेतलेली चक्की आता कागदावर जावेची. पदवी कागदावर होती, पण त्या कागदावरची बाई निराळी. उरलं काय? धने किती भाजायचे, तीळ कधी काढायचे, दगडफूल निवडताना नाकाला काय कळतं, हे सगळं तिच्या हातात होतं आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. तिने रमाकांतकडे पाहिलं. तो खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता, पण पान उलटत नव्हता, म्हणजे ऐकत होता. त्याला माहीत होतं. या खोलीत बाकी कुणाला आठवत नसेल, शामला तर नंतर आली, अभिराम तेव्हा शाळकरी पोर होता, पण तांदळात नाव ज्याने लिहिलं त्याला माहीत होतं वनमाला कोण ते. आता बोलेल, असं तिला वाटलं. सत्तावीस वर्षांत एकदा. अरे, ती हीच, एवढं तरी.

"पण ती बँकवाली म्हणेल, त्या वनमालाबाईंना घेऊन या," अभिराम म्हणत होता. "त्यांचं आधार, त्यांचा जबाब. तिथे गाडी अडते."

रमाकांतने वर्तमानपत्राची घडी केली. ती मांडीवर ठेवली. चष्मा पुसला. "वारली असं लिहा," तो म्हणाला. "म्हणजे प्रश्नच मिटला."

अभिरामने टाळी वाजवली. "दादा, तुम्ही तर वकील व्हायला पाहिजे होतं!" शामलाने डोळे पुसले. रमाकांत थोडासा खूश झाल्यासारखा दिसला, घरातल्या एखाद्या बाबतीत त्याचा सल्ला चालला असं क्वचित होई. त्याने सीमंतिनीकडे पाहिलं, अगदी सरळ, निर्मळ नजरेने, आणि तेव्हा तिला कळलं की त्याने लपवलं नव्हतं. तो विसरला होता. गच्ची, गाद्या, ते टोक धर म्हणणं, सगळं. ते तिने एकटीने सांभाळून ठेवलेलं होतं. त्याने लपवलं असतं तर तिला भांडता आलं असतं. विसरलेल्या माणसाशी काय भांडणार? तिने उठून सगळ्यांना चहा टाकला. साखर कुणाला किती ते तिला पाठ होतं.

रात्री तशी तिला झोप चांगली लागली. पण सोमवारी पहाटे दळणाला बसण्याआधी तिने ताटली हातात घेतली, चिंचेने घासली, आणि खरं सांगावं का याचा विचार केला. सांगितलं तर काय होईल हे ती नीट मांडून बघत होती, पूर्वी प्रयोगशाळेत मांडायची तसं. शामलावर केस. अभिरामची नोकरी. गरिमाची नोकरी. आपणही त्या दिवशी तिथे होतो, फोटोत कोपर आहे, म्हणजे आपणही त्यात. आणि कर्ज गेलं, पाटणकर बाजारातलं दुकान गेलं. एवढं सगळं मोडून हाती काय येणार, तर एक नाव. खोटं सांगितलं तर सगळं जागच्या जागी, सगळे सुखी, दुकानसुद्धा मिळणार. फक्त एक बाई मरणार, आणि तिच्यामागे रडणारं कुणी नाही. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली होती. तिने ताटली पुसून पुन्हा नरसाळ्यावर ठेवली, ती पूर्वीसारखीच घट्ट बसली, आणि ती साडी बदलायला आत गेली.

बँकेत बायकांची गर्दी होती. भिंतीवर योजनेचं मोठं पोस्टर, त्यात एक हसरी बाई लॅपटॉपसमोर. गरिमाने तिला खुर्ची दिली. अभिरामने हिंदीत टाइप करून दिलेला कागद सीमंतिनीने पिशवीतून काढला. तारखेची जागा त्याने कोरी ठेवली होती. पाच-सहा वर्षांपूर्वीची कुठलीही टाका, म्हणाला होता.

गरिमाने तो भरभर वाचला आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. "ठीक आहे, काकू. पण कंप्यूटरचं चालणार नाही. अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं असतं, नाहीतर म्हणतील कुणी दुसऱ्यानेच लिहिलं." मग तिने जरा संकोचून आवाज खाली आणला. "लिहिता येतं ना तुम्हाला? येत नसेल तर मी लिहिते, तुम्ही फक्त अंगठा... म्हणजे सही करा."

"येतं," सीमंतिनी म्हणाली.

तिने कोरा कागद पुढे ओढला, समास सोडला, आणि लिहायला लागली. कितीतरी वर्षांत तिने मसाल्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण पेन धरल्यावर हात आपोआप वळला, जर्नल लिहिताना वळायचा तसाच, बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर, एका रेघेत, एका उंचीचं. उक्त मशीन मेरी देवरानी श्रीमती शामला की है. मैं उनके यहाँ मजदूरी पर काम करती हूँ. मशीन पूर्व में श्रीमती वनमाला की थी. इथे ती थांबली. श्रीमती नव्हे, कुमारी. तिने श्रीमतीवर आडवी रेघ मारली आणि कुमारी केलं. तेवढं तरी बरोबर असू दे. मग पुढचं वाक्य लिहिलं. कुमारी वनमाला अब जीवित नहीं हैं. आणि कोऱ्या जागेची तारीख, अभिरामने सांगितलेली नव्हे, तिने न थांबता घातली. २४ मे १९९८.

तिला वाटलं होतं की काहीतरी होईल. रडू येईल. काही झालं नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्टेपलर आपटत होतं.

गरिमाने कागद घेतला. तारखेशी थबकली. "अठ्ठ्याण्णव? एवढं जुनं? मग मशीन..." तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. "चलेगा. घरच्यांनी नंतर विकली असेल. कोण बघतंय." मग सहज, माणुसकीने, तिने विचारलं, "आजारी होत्या का?"

"नाही गं. चांगली धडधाकट होती."

"अरेरे." गरिमा कागदाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा उजळला. "काकू, पण तुमचं अक्षर! अहो किती सुंदर आहे हे! आमच्या मॅनेजर सरांचं नाही असं. महिला दिनाला बोलावणार बघा मी तुम्हाला. साक्षर बाई आणि एवढं छान अक्षर, स्टोरी एकदम मस्त होईल." तिने कागद फायलीत लावला, वर शिक्का मारला. "आणि ते झाकण आता काढून टाका हं. मी बुधवारी नवा फोटो घ्यायला येते." शिक्का वाळेपर्यंत ती फुंकर घालत होती, आणि फुंकर घालता घालता तिने विचारलं, "तुम्ही ओळखत होता का त्यांना? वनमालाबाईंना?"

"लग्नाआधी," सीमंतिनी म्हणाली.

गरिमाने समजल्यासारखी मान हलवली आणि अर्जाचं पहिलं पान उघडलं. युनिटच्या नावावर बोट ठेवून तिने विचारलं, हे असंच ठेवू ना, श्री गृह उद्योग? मागे रांगेतली बाई खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत उभी होती. सीमंतिनीने पेनाला टोपण लावलं, पेन परत केलं आणि म्हणाली, "असंच ठेव."